हाड जिवंत असते

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सापळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. पांढरा, कोरडा, हात लावला तर खडखडणारा. तोच डोळ्यांसमोर राहतो आणि हाड म्हणजे शरीरातला मेलेला भाग, असे मनात पक्के बसते. जिवंत माणसाचे हाड तसे नसते. ते ओलसर असते, रंगाने गुलाबीसर असते, कापले तर त्यातून रक्त येते. त्याच्यावरच्या पातळ आवरणात संवेदनेच्या तंतूंचे दाट जाळे असते. अंधारात नडगी बाजेवर आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते त्यामुळेच. हाडांच्या आतल्या तांबड्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात. आणि मोठ्या माणसाच्या एकूण हाडांपैकी साधारण दहावा हिस्सा दर वर्षी मोडून नव्याने बांधला जातो. आज आपल्या अंगात असलेले बरेचसे हाड दहा वर्षांपूर्वी नव्हते.

बीड जिल्ह्यातून या विषयाकडे पाहण्याला कारण आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांमधल्या या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी, कुठल्याही तालुक्यात जा, कोयता बांधून गेलेले घर सापडतेच. जे गावात राहतात ते उन्हाळ्यात खोल बोअरच्या पाण्यावर दिवस काढतात. आणि 2019 मध्ये याच जिल्ह्यातल्या गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायकांचे आकडे विधिमंडळात मांडले गेले. ओझे, पाणी आणि बाईच्या अंगातले संप्रेरक, या तिन्ही गोष्टी अखेर हाडापर्यंत पोचतात. त्या कशा पोचतात हे समजायचे तर हाड मुळात बनते कसे, तिथून सुरुवात करायला हवी.

गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्यात हाड जवळजवळ नसतेच. हातापायांच्या जागी कूर्चेचे, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागते तशा मऊ पदार्थाचे, छोटे साचे तयार होतात. मांडीचे हाड, दंडाचे हाड, मणके या सगळ्यांचे आकार आधी कूर्चेत घडतात. मग साच्याच्या मधोमध रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्याबरोबर हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि कूर्चा हटवत हाड रचू लागतात. मधल्या भागातून हे काम दोन्ही टोकांकडे सरकत जाते. डोक्याच्या कवटीची चपटी हाडे मात्र साच्याशिवाय बनतात. पातळ पडद्यासारख्या उतीतच पेशी थेट हाड रचायला लागतात. गळ्याखालचे आडवे हाड, खांद्यापासून छातीपर्यंत जाणारे, हे सगळ्यांत आधी हाड व्हायला लागते, आणि गंमत म्हणजे त्याचे छातीकडचे टोक पूर्ण जुळायला वयाची पंचविशी उजाडते. सुरुवात सर्वांत आधी आणि शेवटही सर्वांत उशिरा.

कवटीची हाडे जन्मावेळी एकमेकांना जुळलेली नसतात. त्यामुळेच प्रसूतीच्या वेळी ती थोडी सरकून बाळाचे डोके बाहेर येऊ शकते आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. त्यांच्यामधली समोरची मोठी फट म्हणजे आपली टाळू. आजी तिथे तेल घालते, बोटाखाली ती धडधडताना लागते. बहुतेक मुलांची टाळू वर्ष ते दीड वर्षात भरते. तेलाने टाळू भरत नाही, ती कडेकडेने हाड वाढून भरते. मात्र फार उशीर झाला तर डॉक्टरला दाखवायला हवे, कारण मुडदूस किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर ती उघडीच राहते. बाळ जुलाबाने सुकले की टाळू आत बसते, हे तर गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असते आणि ते अगदी बरोबर आहे.

नवजात बाळात हाडांचे सुटे तुकडे तीनशेच्या आसपास असतात, मोठ्या माणसात 206. जास्तीची हाडे कुठे जात नाहीत, ती एकमेकांना जुळतात. कमरेखालचे पाच मणके मिळून एक त्रिकोणी हाड होते, खुब्याचे तीन भाग मिळून एक होतात. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या 300 सांगितली आहे. सुश्रुताच्या मोजणीत नाक-कानाची कूर्चाही ‘तरुण’ अस्थी म्हणून धरलेली आहे आणि दातही आहेत, त्यामुळे आजच्या आकड्याशी तिची थेट तुलना करता येत नाही. पण प्रेत पाण्यात कुजवून, थराथराने उलगडून पाहण्याची रीत त्याच ग्रंथात दिली आहे, आणि ती वाचताना त्या माणसांच्या चिकाटीबद्दल आदर वाटतो. लहान बाळाला गुडघ्याची वाटी असते का, असे कुणी विचारले तर उत्तर असे, की वाटी असते पण कूर्चेची असते. ती हाडाची व्हायला तिसरे ते सहावे वर्ष लागते. रांगणाऱ्या पोरांचे गुडघे जमिनीवर घासूनही फुटत नाहीत, त्यात या मऊपणाचाही वाटा आहे.

आता हाड लांब कसे होते ते पाहू. सगळीकडून ताणल्यासारखे ते वाढत असेल, असे वाटणे साहजिक आहे. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने 1727 च्या आपल्या पुस्तकात एक साधा प्रयोग लिहून ठेवला आहे. त्याने कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला ठरावीक अंतरावर दोन भोके पाडली आणि दोन महिन्यांनी पाहिले. हाड लांब झाले होते, पण दोन भोकांमधले अंतर तेवढेच होते. म्हणजे वाढ टोकांपाशी झाली होती. पुढे 1736 मध्ये जॉन बेल्चर नावाच्या शल्यचिकित्सकाला लंडनमध्ये एका कापड रंगवणाऱ्याकडे जेवताना ताटातल्या डुकराच्या मांसातले हाड लाल दिसले. त्या जनावराला मंजिष्ठेच्या मुळ्यांचा चोथा मिसळलेला कोंडा खायला घातला होता. मंजिष्ठेतला रंग नव्याने बसणाऱ्या कॅल्शियमला चिकटतो, जुन्या हाडाला फारसा लागत नाही. मग मंजिष्ठा काही दिवस द्यायची, काही दिवस थांबवायची आणि हाडात लाल-पांढरे थर मोजायचे, असा प्रयोगांचा सपाटाच युरोपात सुरू झाला. हाडावर नवे हाड चढते आणि आतून जुने हाड खरवडले जाते, हे त्यातून डोळ्यांना दिसले.

टोकांपाशी असते ती वाढीची पट्टी. कूर्चेचा हा पातळ थर हाडाचा दांडा आणि त्याचे टोक यांच्या मध्ये असतो. त्यात पेशी एकीवर एक अशा रांगेत उभ्या असतात. वरच्या पेशी विभागत राहतात, खालच्या फुगतात, त्यांच्याभोवती क्षार साचतात, त्या मरतात आणि त्यांच्या जागी रक्तवाहिन्यांबरोबर आलेल्या पेशी हाड रचतात. पट्टी टोकाकडे सरकत राहते, तिच्यामागे हाड लांबत जाते. मांडीच्या हाडाची गुडघ्याजवळची पट्टी सर्वांत कष्टाळू. मांडीच्या लांबीतला दोन तृतीयांशाहून अधिक भाग तिचा, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. झाडावरून पडलेल्या मुलाची ही पट्टी दुखावली तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. मुलाच्या मनगटाला किंवा कोपराला मार लागला की हाडवैद्याकडे नेऊन कामट्या आवळून बांधण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. अनुभवी हाडवैद्याचा हात मी कमी लेखत नाही, पण पट्टी तुटली की नाही हे बोटांना समजत नाही, त्याला एक्स-रेच लागतो. शिवाय आवळून बांधल्याने रक्त अडले तर हात गमावण्याची वेळ येते. लहान मुलाच्या बाबतीत एक्स-रे आधी, मग दुसरे काय ते.

पट्टी कायम उघडी राहत नाही. वयात येताना मुलींच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, मुलग्यांच्या अंगातही पुरुषी संप्रेरकातून थोडे इस्ट्रोजेन तयार होते, आणि तेच आधी वाढीला जोर देते व नंतर पट्टी बंद करते. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची सरासरी पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. मुलींच्या बहुतेक पट्ट्या चौदा ते सोळाच्या दरम्यान मिटतात, मुलग्यांच्या दोनेक वर्षे उशिरा. एक्स-रेमध्ये उघडी पट्टी काळ्या रेघेसारखी दिसते, मिटली की रेघ जाते. मनगटातली आठ छोटी हाडेही ठरावीक क्रमाने दिसू लागतात. पहिली दोन जन्मानंतर थोड्याच महिन्यांत, शेवटचे वाटाण्याएवढे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणून मनगटाच्या एका चित्रावरून वयाचा अंदाज बांधता येतो.

या अंदाजाला कायद्यात जागा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम 94 नुसार वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. या क्रमाला कारण आहे. हाडे वय तारखेनिशी सांगत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच जया माला खटल्यात म्हटले होते की अशा चाचणीत दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. बीडमध्ये हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी दर पाचांत दोघींहून अधिकींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. फडावर जाताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची चिंता त्यामागे असते, आणि नवराबायकोची जोडी असली की कोयता, म्हणजे तोडीचे काम, मिळतो हा हिशेबही असतो. लग्नाच्या मांडवात जन्मतारखेवरून वाद झाला की गोष्ट एक्स-रेपर्यंत जाते. सोळा वर्षांच्या मुलीच्या पट्ट्या मिटलेल्या असू शकतात, म्हणून हाडे मोठी दिसली तरी मुलगी मोठी झाली असे होत नाही. हाडांची लांबी थांबली तरी त्यांत क्षार भरण्याचे काम पंचविशी-तिशीपर्यंत चालू असते. पुढे आयुष्यभर जे पुरवायचे ते या वर्षांतच साठते.

उपासमार झाली, वारंवार ताप-जुलाब झाले, तर वाढीच्या पट्टीतले काम मंदावते. परत खायला मिळाले तर मूल बरीचशी तूट भरून काढते, पण खाडा लांबला तर उंची कायमची कमी राहते. याची एक जुनी साक्ष महाराष्ट्रात इनामगावला मिळते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातली ही माणसे आपली गेलेली मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या मुलांचे वय अभ्यासकांनी दातांवरून ठरवले, कारण दातांची घडण उपासमारीत फारशी मागे पडत नाही. आणि वाढ हातापायांच्या हाडांवरून मोजली. ख्रिस्तपूर्व 1000 नंतरच्या, उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची अंगकाठी आधीच्या मुलांपेक्षा बारीक निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या हलाखीची नोंद पोरांच्या हाडांत राहिली. आज फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या, अंगणवाडीचा आहार आणि शाळेचे जेवण निम्मे वर्ष चुकणाऱ्या मुलांची हाडेही अशीच नोंद ठेवत असतात. फडावर अंगणवाडी पोचली की नाही या प्रश्नाकडे मी म्हणूनच वाढीच्या पट्टीचा प्रश्न म्हणून पाहतो.

तयार हाड आतून कसे असते? दोन पदार्थ एकत्र येऊन ते बनते. एक कोलॅजन हे प्रथिन, दोरखंडासारखे पिळलेले, ताण सोसणारे. दुसरे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अगदी बारीक स्फटिक, दाब सोसणारे. वजनाने दोन तृतीयांश क्षार, बाकी कोलॅजन आणि पाणी. कोंबडीच्या तंगडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले तर क्षार विरघळतात आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते. तेच हाड भट्टीत जाळले तर कोलॅजन जळते, आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबले की चुरा होतो. शाळेत हा पहिला प्रयोग जरूर करावा. हाडाबद्दलचे निम्मे ज्ञान त्यात आहे.

बाहेरचा थर घट्ट असतो. त्यात मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या जाडीचे उभे नळ असतात, प्रत्येकाच्या मधून रक्तवाहिनी जाते आणि तिच्याभोवती हाडाचे थर वर्तुळावर वर्तुळ बसलेले असतात. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने 1691 मध्ये या नलिका वर्णन केल्या, त्याचे नाव त्यांना आजही आहे. टोकांच्या आत हाड जाळीदार असते. ती जाळी वाटेल तशी विणलेली नसते. 1866 च्या सुमारास झुरिचमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याने मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला आणि त्याच्या लक्षात आले की खुब्याजवळच्या जाळीच्या रेषा, वजन उचलणाऱ्या वाकड्या यारीत ताण ज्या मार्गांनी जातो, त्याच मार्गांनी गेल्या आहेत. पुढे युलियुस वोल्फ याने 1892 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते.

भार कळतो कुणाला? हाडातच गाडल्या गेलेल्या पेशींना. हाड रचता रचता काही पेशी आपल्याच रचनेत अडकतात, बारीक नलिकांतून एकमेकींशी जोडलेल्या राहतात आणि हाड किंचित वाकले तरी त्यांना ते जाणवते. मग त्या इशारा देतात: इथे भर घाला, तिथले काढून टाका. काढणाऱ्या पेशी रक्तपेशींच्याच कुळातल्या. त्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि तीनेक आठवड्यांत खड्डा करतात. रचणाऱ्या पेशी तो खड्डा भरायला तीन-चार महिने घेतात. खोदकाम लवकर, भराव उशिरा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. टेनिस खेळाडूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा तीस टक्क्यांच्या आसपास जाड सापडली आहे. अंतराळात वजनच नसते, तिथे खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरते.

उसाच्या फडातही हाच नियम चालतो. पहाटे चारला उठून उजव्या हाताने कोयता चालवायचा, डाव्या हाताने ऊस धरायचा, वाढे तोडायचे, तीस-चाळीस किलोंची मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. एवढ्या कामाने हाडे कणखर व्हायला हवीत, आणि नीट जेवण व विश्रांती असेल तर ती होतातही. पण मोळीचे सगळे वजन मानेच्या लहान मणक्यांवर येते; डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेत चकत्यांची झीज लवकर सुरू होते, कडेला हाडाचे काटे वाढतात. सतत वाकल्याने कमरेचे मणके दुखावतात. शिवाय प्रत्येक भाराबरोबर हाडात सूक्ष्म तडे पडत असतात. विश्रांती मिळाली तर ते भरतात, नाही मिळाली तर साचतात. प्रशियाच्या सैन्यात रोजच्या लांब पल्ल्याच्या चालीने सैनिकांचे पाय सुजत, त्यांचे वर्णन ब्राइटहाउप्ट या वैद्याने 1855 मध्ये केले. अपघात झालेला नसतानाही त्या पायांतली हाडे मोडलेली असत, हे क्ष-किरण आल्यावर दिसले. फडात खाडा केला तर मुकादम दंड लावतो, पाळीच्या दिवसांतही सुटी नसते. तडे भरायला लागणारा वेळ तिथे कुणाच्याच हातात नसतो.

उकिडवे बसण्याची खूणही हाडावर राहते. लाहोरचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक हॅव्हलॉक चार्ल्स यांनी 1893 मध्ये पंजाबी माणसांच्या घोट्यापाशी नडगीवर छोटे गुळगुळीत पृष्ठभाग नोंदवले. उकिडवे बसताना दोन हाडे जिथे टेकतात तिथले ते. आपल्याकडे धारा काढणारे, भाकरी थापणारे, खुरपणारे लोक आयुष्यातली कितीतरी वर्षे तसेच बसतात.

आता कॅल्शियमचा हिशेब. अंगातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, मोठ्या माणसात किलोभराच्या आसपास. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत. हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणे त्यावर चालते, म्हणून रक्तातले प्रमाण शरीर कमी होऊ देत नाही. खाण्यातून आले नाही तर हाडातून घेते. हाडातून घेतलेले हे कॅल्शियम म्हणजे शरीराची उचल आहे. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल जशी पुढच्या तोडीतून फेडावी लागते, तशी ही उचलही खाण्यातून परत फेडावी लागते. फिटली तर काही बिघडत नाही, दर वर्षी नव्याने चढत गेली तर कधीच फिटत नाही. पोटातल्या बाळाला जन्मापर्यंत साधारण तीस ग्रॅम कॅल्शियम लागते, त्यातले बरेचसे शेवटच्या तीन महिन्यांत. अंगावर पाजताना रोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम दुधावाटे जाते आणि सहा महिन्यांत आईच्या मणक्यांतले तीन ते पाच टक्के हाड कमी होऊ शकते. धडधाकट, पोटभर खाणाऱ्या बाईत ते पाजणे थांबल्यावर भरून येते. सोळा-सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचे हाड मात्र अजून भरायचेच असते, आणि लगेच दुसरे बाळंतपण आले तर आधीची तूट भरायला वेळच मिळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपली ज्वारीची भाकरी ताकदीची खरी, पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आत. नाचणीत साडेतीनशेच्या घरात, तिळात हजाराच्या वर, जरी तिळातले सगळे अंगी लागत नसले तरी. मेथी, शेपू, तांदुळजा, कारळाची चटणी, दूध-ताक यांनी ज्वारीच्या ताटातली कमी भरून निघते. फडावर कोरड्यास म्हणून नुसते तिखट-मीठ असेल आणि दूध चहापुरते असेल, तर ती भरत नाही. ऊन मात्र तिथे भरपूर असते, त्यामुळे ड जीवनसत्त्व बनायला वाव राहतो. पण पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल असेल तर तेवढे कमीच.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर आणि हातपंप पसरले, लोकांची तहान भागली, पटकीसारखे रोगही आटोक्यात आले. पण खोलवरचे पाणी खडकात फार काळ मुरलेले असते, आणि सोडियम जास्त, कॅल्शियम कमी अशा पाण्यात फ्लोराइड सहज विरघळून राहते. केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदींत फ्लोराइडबाधित जिल्ह्यांत बीड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षे पोटात गेले तर ते हाडाच्या स्फटिकात जाऊन बसते. आठ वर्षांच्या आतल्या मुलांच्या दातांवर आधी पांढरट ठिपके, मग पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. हाडे एक्स-रेमध्ये दाट, पांढरी दिसतात, पण ती दाट असूनही ठिसूळ असतात. मणक्यांना बांधणारे स्नायुबंध हाडासारखे कडक होतात, मान वळत नाही, खाली वाकता येत नाही, सांधेदुखी समजून वर्षे निघून जातात. त्यातच अन्नात कॅल्शियम कमी असेल तर मुलांचे गुडघे एकमेकांना लागून पाय वाकडे होतात. भारतात फ्लोराइडच्या या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन 1937 मध्ये नेल्लोर भागातून आले होते.

गावात एवढे तरी माहीत असावे: पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने ते उलट वाढते. नागपूरच्या नीरी संस्थेने 1970 च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत काढली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी तेवढे वेगळे करणे: पावसाचे साठवलेले, नदीचे किंवा तपासलेल्या उथळ विहिरीचे. मुलांच्या शाळेतल्या हातपंपाचे पाणी आधी तपासावे, कारण फ्लोराइड वाढत्या हाडात सर्वांत वेगाने शिरते आणि एकदा बसलेले निघायला वर्षे लागतात.

आणि आता पिशवीची गोष्ट. 2019 मध्ये सरकारने विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांत 4,605 बायकांची गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. बहुतेकींचे वय चाळिशीच्या आतले. अंगावरून जाणे, पोटदुखी, फडावर शौचालय आणि पाणी नसल्याने होणारे जंतुसंसर्ग, खाड्याचा दंड आणि कर्करोगाची भीती, अशा कारणांनी त्या ऑपरेशनला तयार झाल्या. त्यानंतर जिल्ह्यात अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण पुढच्या वीस-तीस वर्षांत या बायकांच्या हाडांचे काय होणार याकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

इस्ट्रोजेन हाड खरवडणाऱ्या पेशींना आवरून धरते. ते अंडाशयात बनते. नुसती पिशवी काढली आणि अंडाशये ठेवली तर पाळी थांबते, पण संप्रेरक सुरू राहते. फक्त अंडाशयांचा रक्तपुरवठा थोडा कमी झाल्याने ते काही वर्षे लवकर आटू शकते. दोन्ही अंडाशयेही काढली तर मात्र इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येते. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी जाते. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बाईचे वीस टक्क्यांपर्यंत हाड कमी होऊ शकते. पस्तिसाव्या वर्षी अंडाशये गेली तर ही घसरण दहा-बारा वर्षे आधी सुरू होते, आणि ज्या हाडांत बालपणी व बाळंतपणांत आधीच कमी भरले गेले त्यांत सुरू होते. पहिली चिन्हे मनगटात दिसतात: पाय घसरून हातावर पडले तेवढ्याने मनगट मोडते. मग मणके खचतात, उंची कमी होते, पाठीत पोक येतो. खुबा मोडतो तो बहुधा साठीनंतर. तोपर्यंत दुखत नाही, म्हणून कळत नाही. हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मोठ्या शहरांत मिळते, तालुक्यात नाही.

म्हणून ज्या बाईची पिशवी काढली आहे तिच्या घरच्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधावे आणि त्यावर अंडाशये ठेवली की काढली हे डॉक्टरकडून वाचून घ्यावे. कार्ड हरवले असेल तर साध्या सोनोग्राफीत अंडाशये आहेत का ते बहुधा कळते. दोन्ही काढली असतील आणि वय चाळिशीच्या आतले असेल, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्यात, असे स्त्रीरोगतज्ज्ञांचे सर्वमान्य मत आहे; स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या बाईला त्या देत नाहीत, म्हणून त्या मनाने सुरू करायच्या नसतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पायावर भार पडेल असे चालणे सोबत हवेच. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग आणि अस्थिरोग हे दोन्ही विभाग आहेत. तिथे जाताना पिशवीचे कार्ड आणि मनगटाचा जुना एक्स-रे असेल तर तो, दोन्ही एकाच पिशवीत घालून न्यावेत, कारण एका विभागातल्या डॉक्टरला दुसऱ्या आजाराबद्दल आपणहून सांगायचे असते हे बऱ्याच बायकांना कुणी सांगितलेलेच नसते.